मुलांचे मेसेज पाहायचे आहेत? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल लागला की फोन घ्यायला गर्दी होते. पुढे महिन्या-दोन महिन्यांत त्यातलेच काही पालक परत येतात आणि हळू आवाजात विचारतात, "त्याचे मेसेज माझ्या फोनवर दिसतील असं काहीतरी घालून द्या, फक्त त्याला कळू देऊ नका." पीयूसीसाठी (अकरावी-बारावीसाठी) मुलगी खानापूर सोडून बेळगावात खोलीवर राहत असेल तर आईबापाचा जीव टांगणीला लागतोच. ती काळजी खरी आहे. म्हणूनच आमच्याकडे काय होतं आणि काय होत नाही, ते स्पष्ट लिहून देत आहोत.

चोरून मेसेज वाचणारं ॲप आम्ही घालत नाही. जास्त पैसे देतो म्हटलं तरी नाही. अशी ॲप बहुतेक वेळा प्ले स्टोअरच्या बाहेरून, एपीके फाइल म्हणून येतात. ती घालायला प्ले प्रोटेक्ट (धोकादायक ॲप अडवणारी गूगलची सोय) बंद करावं लागतं, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. एकदा ती दिली की फोनच्या पडद्यावर जे जे येतं ते ॲप चालवणाऱ्यालाही वाचता येतं. आपल्याकडे मुलांच्या फोनमध्ये पुष्कळदा आईच्या नावाचं सिम असतं. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये जमा झाल्याचा मेसेज त्यावरच येतो, बँकेचा ओटीपीही त्यावरच. म्हणजे मुलावर नजर ठेवायला जाऊन घरचं खातं अनोळखी माणसापुढे उघडं पडतं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनसाठीही कुणी असं विचारू नये. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमधली माहिती काढणं 2000 सालच्या आयटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं.

मग होतं काय? गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांच्या देखरेखीचं ॲप मोफत आहे आणि आम्ही तेच लावून देतो. कोणतं ॲप किती वेळ वापरलं ते तुम्हाला दिसतं, नवीन ॲप तुमच्या मंजुरीशिवाय येत नाही, रात्री ठरलेल्या वेळी फोन आपोआप लॉक होतो, फोन कुठे आहे तेही कळतं. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला रेंज गेली तर जागा जुनी दाखवेल, घाबरू नका. मेसेजमधला मजकूर मात्र यात दिसत नाही. इन्स्टाग्रामवर मुलाचं टीन अकाउंट (किशोरवयीन मुलांसाठीचं खातं) तुमच्या खात्याशी जोडलं तर गेल्या 7 दिवसांत तो कुणाकुणाशी बोलला ती नावं दिसतात, मजकूर तिथेही नाही. आमच्या मते पालकांना ही नावंच जास्त उपयोगाची. शाळेतल्या मित्राशी काय गप्पा मारल्या यापेक्षा अनोळखी मोठा माणूस रोज बोलतोय का, हे आधी कळायला हवं.

आता ज्यात तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती गोष्ट. मुलाच्या फोनमध्ये स्वतःचं जीमेल घालू नका. घाईत वडिलांचा मेल आयडी टाकून फोन सुरू केला जातो. गूगलच्या लेखी तो फोन चाळिशीच्या माणसाचा, त्यामुळे त्यावर देखरेख लागतच नाही. वडिलांचे फोटो आणि नंबर मुलाकडे दिसतात, मुलाने एखादा नंबर पुसला की वडिलांच्या फोनमधूनही जातो, प्ले स्टोअरला जोडलेल्या यूपीआयवरून गेमचे पैसे कापले जाऊ शकतात. मग कुणीतरी चिडून बटणं दाबून रीसेट मारतं, आणि फोन तोच जुना आयडी मागत बसतो. त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो! हे कुलूप आम्ही बिल आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय हातात घेत नाही. चोरीचे फोनही याच कारणाने दुकानात येतात, तेव्हा राग मानू नका.

मुलाच्या नावाचं वेगळं खातं काढा आणि जन्मतारीख खरी घाला. चुकीचं खातं आधीच घातलं असेल तर काहीही न पुसता फोन तसाच आणा. व्हॉट्सॲपचा बॅकअप जुन्या आयडीवर असतो, तो नव्या खात्यावर घेतल्याशिवाय आम्ही जुनं काढत नाही. त्यामुळेच या कामाला तासभर लागतो.

येताना तुमचा फोन, मुलाचा फोन आणि मुलगा किंवा मुलगी, तिन्ही सोबत हवेत. 13 वर्षांवरच्या मुलाच्या चालू खात्यावर देखरेख लावायला त्याचीही संमती लागते. ही अट नसती तरी आम्ही मुलाला समोर बसवूनच सांगितलं असतं. लपवून लावलेलं मुलं लवकर शोधून काढतात, आणि मग मित्राचा फोन वापरू लागतात.

कुणी मुलाला धमकी किंवा घाणेरडे मेसेज पाठवत असेल तर ते पुसू नका, नंबरासकट स्क्रीनशॉट घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930. तक्रार ऑनलाइन भरायला अडचण आली तर दुकानात या, ती आम्ही भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आमच्याकडून घेतलेल्या फोनवर फॅमिली लिंक मोफत लावून मिळेल, बाहेरून घेतलेल्या फोनला 200 रुपये. दुपारी 2 ते 4 गर्दी कमी असते, त्या वेळी आलात तर निवांत बसून करता येईल.