लेसरचा ‘प्यूंव’ तारेतून येतो

सिनेमातल्या लेसर बंदुकीचा आवाज घरी काढायला तुळशीबागेतली सप्तरंगी प्लास्टिकची स्प्रिंग चालत नाही, पोलादी लागते. तिच्या शेवटच्या वेढ्यात कागदी कप घट्ट अडकवा. दोघांनी दोन टोकं धरून दोन-अडीच मीटर ताणा. वाड्याची गॅलरी असेल तर उत्तम, नाहीतर सोसायटीचं पार्किंग. दुसऱ्या टोकाच्या वेढ्यावर पेन्सिल हलकेच आपटली की कपातून ‘प्यूंव’ ऐकू येतो. ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटातल्या बंदुकीचा आवाज हाच, फक्त बेन बर्ट या ध्वनिरचनाकाराने तो रेडिओ मनोऱ्याच्या ताणतारेवर हातोडी मारून मिळवला होता. (आपल्याकडे विजेच्या खांबाच्या ताणावर हा प्रयोग करायचा नाही. त्यात करंट उतरलेला असू शकतो.)

हवेत बारीक-जाड सगळे स्वर एकाच वेगाने धावतात. ताठ तारेत वाकण्याच्या लाटा तसं वागत नाहीत: वारंवारता चौपट झाली की वेग साधारण दुप्पट होतो. एका ठोक्यात सगळे स्वर एकदमच निघतात, पण तीव्र स्वर आधी पोचतात आणि खर्ज रेंगाळत मागून येतो. कानाला ती वरून खाली घसरलेली मींड वाटते. स्प्रिंग उलगडली तर तार पंधरा-वीस मीटर भरते, म्हणून हा फरक घरातही कळतो. वेढे एकमेकांना चिकटले किंवा स्प्रिंग जमिनीला टेकली की आवाज बसतो. प्लास्टिक तर वरचे स्वर वाटेतच गिळून टाकतं.

याच चित्रपटातल्या प्रकाशाच्या तलवारीची गुणगुण म्हणजे प्रोजेक्टरची मोटर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची घरघर यांचं मिश्रण. ते स्पीकरवर लावून बर्टने समोर माइक फिरवला आणि तलवार ‘चालली’. श्रेय डॉपलर परिणामाला (जवळ येताना स्वर चढतो, दूर जाताना उतरतो) दिलं जातं, पण हिशेब करून पाहा. माइक सेकंदाला 5 मीटर वेगाने सरकला तर स्वर दीड टक्का हलतो. सा ते कोमल रे हे अंतर सुमारे सहा टक्के. म्हणजे पाव स्वरही नाही. उरलेली जादू माइक जवळ आल्यावर वाढणाऱ्या आणि दूर गेल्यावर ओसरणाऱ्या आवाजाची.

प्रभातच्या 1936च्या ‘संत तुकाराम’मध्ये गरुडाच्या विमानातून वैकुंठाला निघालेले तुकोबा बघितलेल्या पुण्याला पडद्यावरचं उड्डाण नवं नव्हतं. 1977च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये मात्र बहुतेक वेळा यानाचं छोटं मॉडेल जागेवर आणि कॅमेरा रुळावर पळत असे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे तीच हालचाल हवी तितक्या वेळा हुबेहूब करता येई: एकदा यानासाठी, एकदा त्याच्या दिव्यांसाठी. शटर उघडं असताना कॅमेरा सरकत असल्याने प्रत्येक चौकटीत यान किंचित फरपटलेलं उमटतं. ही फरपट नसली की खेळणं खेळण्यासारखंच दिसतं. मग यानामागचा निळा पडदा वगळून थर एकावर एक छापायचे. केसभर जरी सरकलं तरी यानाभोवती काळी कड उमटते.

आवाजांसारखंच संगीतही खऱ्या वस्तूंतून आलं. सिंथेसायझर हाताशी असण्याच्या काळात संगीतकार जॉन विल्यम्सने मार्च 1977मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून, म्हणजे खऱ्या पितळी आणि तंतुवाद्यांवर, सगळं वाजवून घेतलं. शीर्षकाची धून पेटीवर बसवायला सोपी आहे. काळी पाच सा धरा: मंद्र पंचम तीनदा झटपट, मग सा, त्यावर लांब प, पुढे म ग रे पटकन उतरून थेट तार सां आणि परत प. रे सोडून सांवर मारलेली ती उडी सावकाश वाजवून बघा. तिथे मधला एखादा स्वर घेतला, तर धून लगेच शाळेच्या बँडची होते.