हेब्रॉनची गुहा : तीन धर्मांचा एक पूर्वज

वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहरात एका गुहेभोवती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची अजस्र दगडी भिंत उभी आहे. ती हेरोद राजाच्या काळातली. आत अव्राहाम, त्याची पत्नी सारा, मुलगा इसहाक आणि नातू याकोब चिरनिद्रा घेत आहेत, अशी श्रद्धा आहे. अव्राहाम हा यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तिघांचाही पूर्वज. ख्रिस्ती लोक त्याला अब्राहाम म्हणतात, मुसलमान इब्राहिम.

ही जागा त्याच्याकडे कशी आली, ते बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात आहे. सारा वारली, मुलूख परका, पुरायला जमीन नाही. हित्ती जमातीचा एफ्रोन शेत आणि गुहा तशीच देऊ करत होता. अब्राहामाने नकार दिला आणि वेशीवर, गावकऱ्यांदेखत, ४०० शेकेल (तेव्हाचे वजनाचे माप) चांदी मोजून खरेदी पक्की केली. पुढे तोही याच गुहेत विसावला. दासीपासून झालेला, आईसह घराबाहेर काढलेला थोरला मुलगा इश्माएल तेव्हा परत आला आणि दोघा भावांनी मिळून बापाला माती दिली. यहुदी आपला वंश इसहाकाकडून सांगतात, अरब इश्माएलकडून. देवाच्या आज्ञेवरून अब्राहामाने बळी देण्यासाठी नेलेला मुलगा बायबलमध्ये इसहाक आहे. कुराणात त्या प्रसंगी नाव नाही, पण बहुतेक मुसलमान तो इस्माईल (म्हणजे इश्माएल) मानतात. बकरी ईद त्याचीच आठवण.

अब्राहामाच्या अस्तित्वाचा पुरातत्त्वीय पुरावा नाही. ‘इस्राएल’ हे नाव प्रथम भेटते ते इ.स.पू. १२०८च्या सुमारास, इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात. तेव्हाचे इस्राएली अजून एकेश्वरवादी नव्हते. सिनाईतल्या कुंतिलेत अज्रुद इथल्या, इ.स.पू. ८००च्या आसपासच्या लेखांत इस्राएलींचा देव याहवे याच्यासोबत ‘त्याच्या अशेरा’चाही (एक देवी किंवा तिचे प्रतीक) उल्लेख आहे.

मला सगळ्यांत थरारक वाटतो तो पुढचा टप्पा. इ.स.पू. ५८६मध्ये बाबिलोनच्या फौजांनी जेरुसलेमचे मंदिर जाळले, लोकांना पकडून नेले. हरलेल्यांचा देवही हरला, असे मानण्याचा तो काळ. या कैद्यांनी उलट धरले : आमचा देव हरलेला नाही, बाबिलोनही त्याच्याच हातातले आहे, कारण दुसरा देवच नाही. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांतला एकमेव ईश्वर या निर्वासितांच्या आकांतातून आला आहे. शब्दही नात्यातले आहेत : हिब्रू ‘एलोहीम’, अरबी ‘इलाह’ आणि ‘अल्लाह’. अरब ख्रिस्ती आजही देवाला अल्लाहच म्हणतात.

गुहेवर मात्र भाऊबंदकी सुरू झाली. आधी चर्च, मग मशीद, मग क्रुसेडरांचे (युरोपातून चालून आलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांचे) चर्च, त्यांना हरवणाऱ्या सलाहुद्दीननंतर पुन्हा मशीद. १२६७पासून यहुदी-ख्रिस्त्यांना आत बंदी झाली. यहुद्यांना पुढे बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच जाता येई. ही बंदी १९६७मध्ये उठली. १९९४मध्ये एका यहुदी माथेफिरूने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर वास्तूची वाटणी झाली. आता वर्षातले १० दिवस ती पूर्ण यहुद्यांची असते आणि १० दिवस पूर्ण मुसलमानांची.