व्हील बेअरिंग वारंवार जाणे

गाडीचं व्हील बेअरिंग गेलं, नवीन टाकलं आणि सहा-आठ महिन्यांत त्याच चाकाचं परत घूंऽऽ करायला लागलं, तर मेकॅनिक लोक म्हणतात "या गाडीला बेअरिंग टिकत नाही". म्हणजे जणू गाडीची पत्रिकाच तशी आहे. नीट बसलेलं बेअरिंग सहज लाखभर किलोमीटर जातं, त्यामुळे पहिल्यांदा गेलं ते म्हातारपणाने गेलं असू शकतं, पण दुसऱ्यांदा दहा-पंधरा हजारात गेलं तर त्याला कोणीतरी मारलंय असंच धरून चालायचं, आणि मारेकरी बहुतेक वेळा शेजारीच असतो: नकल (सस्पेन्शनचा तो जाड तुकडा ज्याच्या भोकात बेअरिंग बसतं), हब (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, ज्याला चाक बोल्टने लागतं), एक्सलचा नट, अडकलेला ब्रेक, बाजारातून बदललेला रिम, नाहीतर बसवणाऱ्याचा हात.

आत काय असतं

जुन्या जीपा, टेम्पो, ट्रक यांच्या चाकात दोन टेपर रोलर म्हणजे निमुळत्या रोलरचे बेअरिंग असतात, एक आतलं एक बाहेरचं, कप (बाहेरची रिंग) आणि कोन (रोलरसकट आतली रिंग) वेगळे, ग्रीस भरायचं आणि नट घट्ट करून थोडा मागे सोडून तो फिरू नये म्हणून कॉटर पिन घालायची. हे टेपर रोलरचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये घेतलं, घोडागाड्यांच्या धंद्यातला माणूस होता तो. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे दोन ओळींचं सीलबंद बॉल बेअरिंग असतं, ते प्रेसवर नकलमध्ये दाबून बसवतात, पुढे लॉक म्हणजे सर्क्लिप, आणि मग त्यात हब दाबायचा. त्याहून नवीन प्रकारात हब आणि बेअरिंग एकच युनिट येतं, चार बोल्ट खोलले की काम झालं. वारंवार जायची तक्रार सगळ्यात जास्त या मधल्या, प्रेसवाल्या प्रकारात बघायला मिळते, कारण इथे माणसाच्या हाताला चुका करायला सगळ्यात जास्त जागा आहे.

एक हिशोब डोक्यात असलेला बरा. छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातं, म्हणजे लाख किलोमीटरला सव्वापाच कोटी फेरे. आणि बॉल बेअरिंगचं आयुष्य लोडच्या घनाच्या उलट जातं, म्हणजे लोड दुप्पट झाला तर आयुष्य आठवा हिस्सा. लोड नुसता २० टक्के वाढला तरी आयुष्य ५८ टक्क्यांवर येतं. म्हणून "थोडंसंच तिरकं बसलंय, चालून जाईल" हे इथे चालत नाही, त्या थोडंसंचा पण घनच होतो.

आधी बेअरिंगच आहे का ते बघा

वारंवार गेलेल्या बेअरिंगमधले कित्येक मुळात गेलेलेच नसतात. टायर आतून-बाहेरून करवतीसारखा झिजला की हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज करतो, मग बेअरिंग बदललं जातं, आवाज तसाच राहतो, मग "डुप्लिकेट माल आला" म्हणून परत बदललं जातं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. साधी टेस्ट म्हणजे पुढचे टायर मागे, मागचे पुढे टाकून बघायचं, आवाज जागा बदलून गेला तर टायर. दुसरं म्हणजे डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायरवर संशय जास्त, बेअरिंगला रस्ता कुठला आहे याचं फारसं पडलेलं नसतं, ते स्पीडबरोबर वाढतं आणि क्लच दाबून गाडी नुसती गडगडू दिली तरी थांबत नाही.

मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडला गाडी हलकेच डावी-उजवी करायची. डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं. हे प्रत्येक जण सांगतो पण हे नेहमी खरं नसतं, दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये नेमकी कुठली ओळ खराब आहे त्यावर आवाज उलट्या बाजूलाही वाढतो, त्यामुळे फक्त यावर विसंबून बेअरिंग काढू नका. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू यायच्या आधी स्प्रिंगमधून बोटांना कळते. मला विचाराल तर महागड्या मशीनपेक्षा ही ट्रिक जास्त खरी.

चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले म्हणजे ढिलेपणा वाटला तर कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनमधलं दुसरं काही. आडवं धरून हलवल्यावरच प्ले येत असेल तर आधी टाय रॉड बघा. आणि वळताना कट-कट-कट येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, त्याचा या नोंदीशी संबंध नाही.

जुनं बेअरिंग वाचायचं कसं

सगळं उत्तर बहुतेक वेळा जुन्या बेअरिंगमध्येच असतं, आणि तेच सगळ्यात आधी भंगाराच्या डब्यात जातं. गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवायचं की जुना माल मला पाहिजे. मग बाहेरची रिंग ग्राइंडरने कापून (चष्मा घालून, ही रिंग कडक असते, तुकडा उडतो), रॉकेलने धुऊन उजेडात धरायची.

छोट्या गाडीच्या पुढच्या चाकात आतली रिंग फिरते आणि बाहेरची नकलमध्ये स्थिर असते, त्यामुळे नॉर्मल बेअरिंगमध्ये आतल्या रिंगवर पूर्ण गोल फिकट पट्टा दिसतो आणि बाहेरच्या रिंगवर फक्त वरच्या कमानीत, कारण गाडीचं वजन तिथेच टेकलेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं वाचता येतं. बाहेरच्या रिंगवर समोरासमोर दोन ठिकाणी चकाकी असेल तर नकलचं भोक गोल राहिलेलं नाही, ते रिंगला दोन बाजूंनी चिमटतंय. पूर्ण गोलाईत सगळीकडेच सोलून निघालं असेल तर बेअरिंग आतून जास्तच आवळलेलं होतं. पट्टा तिरका, एका बाजूला सरकत गेलेला असेल तर बसवतानाच वाकडं बसलंय किंवा हब वाकलाय.

छोटे छोटे दाबाचे ठसे दिसले तर अंतर बघा. गोलाईभर, गोळ्यांच्या अंतराइतके आणि पट्ट्याच्या मधोमध नसून काठाकडे असतील तर ते प्रेसचे ठसे. चार-पाचच आणि एकाच बाजूला असतील तर खड्डा किंवा फूटपाथ. या ठशांना ब्रिनेलिंग म्हणतात, स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांच्या नावावरून, त्यांनी १९०० मध्ये कडक गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजायची पद्धत आणली होती. याचा एक खोटा भाऊ पण आहे, त्यात बेअरिंग न फिरता नुसतं थरथरत राहतं आणि ठसे झिजून पडतात. अमेरिकेत १९३०च्या दशकात रेल्वेने पाठवलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांची बेअरिंग पोचेपर्यंत खराब झालेली असायची ती यामुळेच.

निळा-तपकिरी रंग म्हणजे गरम झालं. दुधाळ किंवा तांबूस ग्रीस म्हणजे पाणी शिरलं. आणि धोबीघाटावरच्या फळीसारख्या बारीक आडव्या रेघा असतील तर करंट गेलाय, कोणीतरी गाडीला वेल्डिंग करताना अर्थिंग भलत्याच ठिकाणी लावली होती.

मारेकरी

माझ्याच गाडीचं सांगतो. पुढचं डावं, १४ महिन्यांत तीन बेअरिंग. दर वेळी एकच ऐकायचं, "साहेब आजकाल माल चांगला येत नाही". तिसऱ्या वेळी जुनं बेअरिंग घेऊन भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी ते कापलं, रिंग माझ्या हातात दिली, म्हणाले बघा, आणि खरंच दोन चकचकीत डाग, अगदी समोरासमोर. गाडीचं नकल काढून मागवलं, भोकात बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं काट्याचं माप) घालून आधी उभं मोजलं मग आडवं, काटा ०.०६ मिमीने सरकला. काका म्हणाले, "याच्यात सोन्याचं बेअरिंग टाका, तरी जाणार". सगळ्यात पहिल्या वेळी जाम झालेलं बेअरिंग निघेना म्हणून गॅरेजमध्ये नकल गॅसकटरने लाल केलं होतं, तिथेच ते बसलं होतं वाकून. कुर्ल्याच्या बाजारातून जुनं पण सरळ नकल आणलं, त्यात चौथं बेअरिंग टाकलं, ते अजून आहे.

०.०६ ऐकायला काहीच वाटत नाही, पण बेअरिंग नकलमध्ये जी आवळून बसतं ती पकडच मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. उलटंही होतं, भोक सैल झालं तर बाहेरची रिंग नकलमध्ये हळूहळू फिरायला लागते, अशा वेळी रिंगच्या बाहेरच्या अंगाला गंजासारखी लालसर पूड आणि घासल्याच्या खुणा दिसतात. तिथे पंच मारून खरवडे उठवणं किंवा पत्र्याची चकती घालणं हा गावठी इलाज सर्रास चालतो आणि तोच पुढचं बेअरिंग वाकडं बसवतो.

हबचं पण तसंच. हब ओढून काढला की जुन्या बेअरिंगची आतली अर्धी रिंग बऱ्याचदा हबवरच चिकटून येते, ती ग्राइंडरने कापताना हबला चरा पडला किंवा हबचा गळा झिजलेला असला तर नवीन रिंग तिथे नीट टेकत नाही. हबच्या तोंडावर डायल गेज लावून फिरवायचं, ०.०५ मिमीच्या वर काटा हलला तर हब बदला, त्यासोबत ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरायची तक्रार असेल तर ती पण त्यातच जाते.

बसवताना नियम एकच, जी रिंग दाबायची तिच्यावरच जोर. नकलमध्ये घालताना बाहेरच्या रिंगवर, आणि हब घालताना आतल्या रिंगला खालून टेकू. टेकू बाहेरच्या रिंगला दिला की प्रेसचा सगळा टनभर जोर गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मरतं. आवाज लगेच येत नाही, दोन-तीन हजार किलोमीटरने येतो, तोवर बिल फाटलेलं असतं. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडे तर गाडी नेऊच नका, तो कितीही जुना आणि नावाजलेला असू दे. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते थोडं आक्रसतं आणि सोपं बसतं, हे घरगुती असलं तरी बरोबर आहे.

मग एक्सलचा मोठा नट. तो या बेअरिंगमध्ये नुसता शाफ्ट धरत नाही, आतल्या रिंगेचे दोन अर्धे एकमेकांना दाबून धरतो आणि त्यावरच आतला ताण ठरतो. टॉर्क म्हणजे आवळायचा जोर गाडीगाडीप्रमाणे वेगळा, पण २०० न्यूटन मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असा भरपूर असतो, तो मॅन्युअल बघून टॉर्क रेंचनेच द्यायचा. नट आवळायच्या गनने "घ्र्र्र" केलं की किती बसला ते देवालाच ठाऊक. नट पूर्ण आवळायच्या आधी गाडी चाकावर उतरवून ढकलली तरी बेअरिंग खराब होऊ शकतं, आणि गॅरेजमध्ये गाडी बाजूला सरकवायला हे रोज होतं. नट एकदाच वापरायचा असेल तर नवीनच घ्या, शे-दोनशेसाठी जुना परत ठोकू नका.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय रिंग असते आणि ती बाजू सेन्सरकडे पाहिजे. उलटं बसवलं की एबीएसचा दिवा लागतो, मग परत काढायचं, आणि प्रेसवरून काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नसतं, पण वापरतात. झाली पुढच्या तक्रारीची तयारी.

पाणी हा आपल्याकडचा खास मारेकरी. लांबून आलेल्या गाडीचा हब गरम असतो, तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा बुडालेल्या गाड्यांचं इंजिन आणि सीट सगळ्यांनी बघितले, पण चाकात शिरलेलं पाणी दिसत नाही, ते गंज धरून नंतर कधीतरी बोलतं. काशीद-नागावला लाटांमध्ये गाडी घालून व्हिडिओ काढणाऱ्यांना काय सांगावं, ते खारं पाणी. धुताना प्रेशरची नळी जवळून हबवर मारणं हाही तोच प्रकार.

रिम बदलले असतील तर ते लपवू नका. चाक बाहेर काढून दिसायला रुंद केलं, म्हणजे ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) २५-३० मिमीने कमी केला किंवा मधे स्पेसरची जाड चकती घातली, की तेवढ्या लांबीची तरफ बेअरिंगवर येते, आणि वर सांगितलेला घन आठवा. ब्रेक अडकून राहत असेल तर पाच-दहा किलोमीटर चालवून डावा-उजवा हब तापमानाच्या गनने मोजा, एक बाजू बरीच जास्त तापली असेल तर आधी कॅलिपरच्या पिना सोडवा.

डुप्लिकेट माल असतोच, नाही असं नाही. खोक्यावरची छपाई पुसट, रिंगवरचा नंबर कोरीव नसून शाईचा, किंमत अर्धी, अशी लक्षणं असतात. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे म्हणून पुण्यात सगळं खरंच मिळेल असं काही नाही, बिल देणाऱ्या डीलरकडूनच घ्या. पण तीनही वेळा त्याच चाकाचं गेलं आणि दुसऱ्या बाजूचं कंपनीचं अजून गुण्यागोविंदाने फिरतंय, तर डुप्लिकेटचं कारण मला पटत नाही, नकली मालाला डावं-उजवं कळत नाही.

तोवर चालवायची का

नुसता आवाज आहे आणि प्ले नाही, तर गावात हळू चालवून गॅरेजपर्यंत जाता येतं. प्ले आला असेल तर टो करूनच न्या. त्या अवस्थेत डिस्क हलून ब्रेकचे पॅड मागे ढकलते, म्हणून पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल खोल जातं आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर लागतं. टेपर रोलरवाल्या गाड्यांत तर आतली जाळी फुटली की रोलर सांडतात आणि चाक हबसकट निघून येऊ शकतं, तेव्हा गाडीच्या आधी चाकच पुढे गेलेलं दिसतं.