रेडिओ-परिभाषा, हवाई वाहतूक नियंत्रणातील

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील संभाषणासाठी ठरवून दिलेले शब्द, वाक्यबंध व उच्चार. त्यांचा मुख्य आधार नागरी विमान वाहतुकीविषयीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराचे परिशिष्ट १० (खंड २) आणि ‘इकाओ’चा (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) दस्तऐवज ४४४४ हा आहे.

संभाषण प्रामुख्याने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात एएम (लहरींची उंची बदलून आवाज पाठवण्याच्या) पद्धतीने होते. दोघांनी एकाच वेळी बोलण्याचे बटण दाबले, तर इतरांना बहुधा शिट्टीच ऐकू येते. ‘रॉजर’ म्हणजे संदेश पूर्ण मिळाला, एवढेच; ‘विल्को’मध्ये त्याप्रमाणे करण्याची हमी असते. धावपट्टीवर येण्याची, उड्डाणाची वा उतरण्याची परवानगी मात्र आपल्या विमानाच्या संकेतनामासह जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. ‘रॉजर’ने तेथे भागत नाही.

९ चा उच्चार ‘नाइनर’ का, याविषयी एकमत नाही. नकारार्थी जर्मन ‘नाइन’शी गल्लत होऊ नये म्हणून, असे सांगतात. परंतु ५ चाही ‘फाइफ’ झालेला आहे. त्यामुळे रेडिओच्या खरखरीत ‘फाइव्ह’ व ‘नाइन’ सारखे ऐकू येतात, हे कारण अधिक पटते.

‘टेकऑफ’ या शब्दावरील निर्बंधांमागे स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील दुर्घटना आहे (२७ मार्च १९७७, ५८३ मृत्यू). तेथे धाव घेणारे डच कंपनी केएलएमचे विमान त्याच धावपट्टीवरील अमेरिकी कंपनी पॅन ॲमच्या विमानावर आदळले. नियंत्रकाने केएलएमच्या विमानाला केवळ उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी दिली होती, पण तिच्या शब्दांत ‘टेकऑफ’ आला होता. सहवैमानिकाने ती परत म्हणताना आपण ‘ॲट टेकऑफ’ असल्याचे सांगितले. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला. ‘थांबा, मी कळवतो’ हे त्याचे पुढचे शब्द आणि पॅन ॲमचा ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हा संदेश एकाच वेळी आल्याने एकमेकांत मिसळले. स्पॅनिश अहवालाने केएलएमच्या कॅप्टनने परवानगीविना धाव सुरू केल्याला मूळ कारण मानले. डच बाजूने परस्पर गैरसमजावर भर दिला. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत. परिभाषेतील बदल मात्र डच मांडणीच्या अंगाने झालेले दिसतात. आता हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करतानाच वापरतात, अन्यत्र ‘डिपार्चर’.

संकटाचा ‘मेडे’ तीनदा उच्चारतात. तो १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर रूढ झाला, असे सामान्यतः मानतात. त्याखालोखाल निकडीसाठी ‘पॅन पॅन’.

ठरीव वाक्ये अपुरी पडतात तेथे साधी भाषा वापरावी लागते. तिच्यासाठी ‘इकाओ’ने २००३ मध्ये सहा स्तरांची भाषाक्षमता श्रेणी स्वीकारली. किमान स्तर ४ आवश्यक असून त्याची फेरतपासणी दर ३ वर्षांनी, तर स्तर ५ ची दर ६ वर्षांनी करावी, अशी शिफारस आहे.