मोतीबिंदू काढला, तरी मागच्या पडद्याचे काय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नेत्रशिबिरांत एक समजूत हमखास ऐकू येते: मोतीबिंदू काढला की नजर परत येते. मधुमेह अनेक वर्षांचा असेल, तर मात्र भिंग बदलूनही मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, अधू राहू शकतो. अशा काही रुग्णांवर मोतीबिंदूची आणि पडद्याची शस्त्रक्रिया एकाच वेळी केली जाते.

पडदा बिघडतो कसा, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. सतत वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलातील केशवाहिन्या बंद पडत जातात. प्राणवायूला मुकलेल्या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे नव्या, पण नाजूक व गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. डोळ्याच्या पोकळीत सुमारे 4 मिलिलिटर पारदर्शक जेल असते. त्यात जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे कोलॅजनचे तंतू असतात. पोफळीच्या आधाराने मिरवेल चढावी, तशा या वाहिन्या जेलच्या मागच्या पृष्ठभागावर पसरतात. पुढे जेल आकसले की वाहिन्या ताणून फुटतात, रक्त जेलमध्ये उतरते आणि वाहिन्यांसोबत वाढलेले तंतुमय ऊतक पडद्यालाच ओढून सुटा करते. म्हणून नुसते रक्त काढून भागत नाही, आधारच, म्हणजे ते जेलच, काढावे लागते. ही विट्रेक्टॉमी. बारीक छिद्रांतून ती करण्याची पद्धत नेत्रशल्यविशारद रॉबर्ट माखेमर यांनी 1970 मध्ये रूढ केली. आजची 25 गेजची उपकरणे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची असतात.

दोन्ही एकत्र करण्याचे कारण साधे आहे: गढूळ भिंगातून सर्जनला पडदा दिसत नाही. शिवाय जेल गेल्यावर भिंगापर्यंत अधिक प्राणवायू पोहोचतो आणि पन्नाशीनंतर मोतीबिंदू बहुधा वेगाने वाढतो. रक्तपुरवठा फार घटलेल्या मधुमेही डोळ्यांत हा वेग कमी असतो, हेही लक्षात घ्यावे लागते. एकत्र शस्त्रक्रियेनंतर दाह अधिक होऊ शकतो, त्यामुळे ती सरसकट प्रत्येकासाठी नाही.

मोतीबिंदू विरघळवण्याचा दावा करणारे थेंब किंवा डोळ्यांत मध घालणे यांत वेळ दवडू नये. तेवढ्या काळात पडदा हातचा जातो. शस्त्रक्रियेपूर्वी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा, आणि भिंगातून काहीच दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करावी.

पडदा जागी बसवण्यासाठी डोळ्यात वायू भरला असेल, तर उंचीवर हवेचा दाब घटून तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. म्हणून तो विरेपर्यंत विमानप्रवास करू नये, आणि आंबा किंवा फोंडा घाट चढण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.