आएल लारिसा (ग्रीसमधला फुटबॉल क्लब)

आएल लारिसा हा ग्रीसच्या थेसली प्रांतातल्या लारिसा शहराचा प्रोफेशनल फुटबॉल क्लब. पूर्ण नाव अथ्लितिकी एनोसी लारिसा, म्हणजे लारिसाचा क्रीडा संघ, आणि आद्याक्षरं जोडून सगळे त्याला आएलच म्हणतात. ग्रीसची राष्ट्रीय लीग 1920च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, तेव्हापासून आजपर्यंत फक्त सहा क्लब चॅम्पियन झालेत. ऑलिंपियाकोस, पॅनाथिनायकोस आणि एईके हे तीन अथेन्स-पिरेयसच्या पट्ट्यातले, पाओक आणि आरिस हे दोन थेस्सालोनिकीचे, आणि सहावा आएल. दोन मोठ्या शहरांच्या बाहेर लीगची ट्रॉफी गेली ती एकदाच, 1988 साली, आणि ती लारिसाला. या एका गोष्टीमुळे हा क्लब ग्रीक फुटबॉलमध्ये वेगळा आहे.

लारिसा पिनिओस नदीच्या काठावर, थेसलीच्या सपाट मैदानाच्या मध्यावर वसलंय. आजूबाजूला गहू आणि कापूस, म्हणजे शेतकऱ्यांचं आणि बाजारपेठेचं गाव, लोकसंख्या साधारण दीड लाख. थेसली पूर्वापार घोड्यांसाठी प्रसिद्ध, सिकंदराचा बुसेफलस घोडाही थेसलीचाच होता असं सांगतात, म्हणून क्लबच्या चिन्हावर उधळलेला घोडा आहे. रंग व्हिसिनी आणि पांढरा. व्हिसिनो म्हणजे आंबट चेरी, तिच्या रसाचा जो गर्द लाल रंग असतो तो व्हिसिनी, आपल्याकडच्या पिकलेल्या कोकमाच्या जवळ जाणारा म्हणा. त्यावरून खेळाडूंना आणि फॅन्सना ‘व्हिसिनी’ म्हणतात, आणि क्लबला लाडानं ‘मैदानाची राणी’, इथे मैदान म्हणजे थेसलीचं ते अफाट सपाट रान.

क्लब स्थापन झाला 17 मे 1964ला. त्याआधी शहरात इराक्लिस, आरिस (थेस्सालोनिकीच्या क्लबांशी फक्त नावं सारखी), टोक्सोटिस आणि लारिसाइकोस असे चार वेगवेगळे क्लब होते, प्रत्येकाची आपली माणसं, आपले जुने हेवेदावे, आणि चौघं एकमेकांत भांडत बसले तर मोठ्या लीगमध्ये कुणीच पोचणार नाही हे उघड होतं, मग चौघांनी मिळून एक क्लब केला. वाचायला सोपं वाटतं पण ज्यानं लहानपणापासून एकाच जर्सीसाठी घसा फोडलाय त्याला ती जर्सी सोड म्हणणं सोपं नसतं, पुढे जे काही झालं त्याचं मूळ या विलीनीकरणात आहे असं मला मनापासून वाटतं. पहिल्या डिव्हिजनमध्ये यायला नऊ वर्षं लागली, 1973 उजाडलं, दोन वर्षांत परत खाली गेले, आणि 1978ला पुन्हा वर आले ते मग खूप वर्षं टिकले.

1980चं दशक हा सोन्याचा काळ. 1982 आणि 1984 अशा दोन ग्रीक कपच्या (लीगहून वेगळी बाद फेरीची स्पर्धा) फायनल खेळले, दोन्ही पॅनाथिनायकोसकडून हरले. मधे 1983ला लीगमध्ये दुसरे आले. मग 1985च्या कप फायनलमध्ये समोर पाओक, जो त्याच सीझनचा लीग चॅम्पियन होता, आणि त्याला 4-1नं धुतलं, ती क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. त्याच 1984-85च्या सीझनमध्ये युरोपियन कप विनर्स कपमध्ये हंगेरीच्या शिओफोकला आणि स्वित्झर्लंडच्या सर्व्हेटला बाहेर काढून क्वार्टर फायनलपर्यंत गेले, तिथे डायनामो मॉस्कोसमोर घरची मॅच 0-0 सुटली आणि परतीची 0-1 हरले, म्हणजे एका गोलानं गेलं. तेव्हा 1988 हा योगायोग होता असं जे म्हणतात त्यांनी ही पाच-सहा वर्षं नीट बघावीत, टीम वर्षानुवर्षं दार ठोठावत होती. पोलंडचा काझिमिएर्झ क्मिएचिकसारखा स्ट्रायकर इथे खेळून गेला, पण टीमचा कणा थेसलीतल्या आणि आसपासच्या पोरांचा होता.

1986च्या ऑक्टोबरमध्ये लारिसाच्या घरच्या अल्काझार स्टेडियममध्ये पाओकविरुद्धच्या मॅचला समोरच्या फॅन्समधून आलेला फ्लेअर (पेटवून फेकलेला आगीचा नळा) लागून लारिसाचा एक प्रेक्षक गेला. ग्रीक स्टेडियममधल्या हिंसेचा विषय निघाला की ही घटना अजूनही आठवली जाते, आणि या दोन क्लबमधली कटुता त्यानंतर फार वाढली.

आता 1987-88. कोच यात्सेक ग्मोख, पोलंडचा, शिक्षणानं इंजिनियर, 1978च्या वर्ल्ड कपमध्ये पोलंडच्या टीमचा कोच. 1984ची फायनल लारिसा हरली तेव्हा पॅनाथिनायकोसच्या बेंचवर हाच माणूस होता. सीझन मस्त चालला होता, लारिसा टायटलच्या शर्यतीत पुढे, आणि पॅनाथिनायकोसविरुद्धच्या मॅचनंतर बल्गेरियन खेळाडू गिओर्गी त्सिंगोव्हच्या डोप टेस्टमध्ये कोडीन सापडलं. कोडीन खोकल्या-सर्दीच्या औषधातही असतं, पण नियम असा होता की खेळाडूबरोबर क्लबलाही शिक्षा, त्यामुळे लारिसाचे 4 पॉइंट कापले. तेव्हा जिंकलं की 2 पॉइंट मिळायचे, म्हणजे दोन मॅच जिंकल्याची कमाई एका कागदावर गेली.

शहर रस्त्यावर उतरलं. लारिसाची जागा नकाशात बघा, अथेन्सहून थेस्सालोनिकीला जाणारा हायवे लारिसाला लागूनच जातो. लोकांनी तोच अडवला, सरळ रास्ता रोको, आणि उत्तर ग्रीस आणि दक्षिण ग्रीसमधली मुख्य वाहतूक खोळंबली, देशाचे दोन तुकडे झाले असं वर्णन तेव्हापासून केलं जातं. मागणी एकच की एका खेळाडूच्या टेस्टची शिक्षा पूर्ण क्लबला का. शेवटी सरकारला नमतं घ्यावं लागलं, नियम बदलला, शिक्षा फक्त खेळाडूपुरती राहिली आणि पॉइंट परत मिळाले. बाकीच्या क्लबना हे अजिबात पटलं नाही आणि दबावाखाली नियम बदलला हा त्यांचा आक्षेप आजही आहे, त्यात तथ्यही आहे, सीझन चालू असताना नियम बदलणं बरं नव्हेच. पण मूळ नियमच अन्यायाचा होता हेही तितकंच खरं, आणि टायटल मात्र लारिसानं ग्राउंडवरच जिंकलं.

तो दिवस 1 मे 1988. अल्काझार खचाखच भरलेलं, समोर थेस्सालोनिकीचा इराक्लिस, सीझन संपत आलेला. गोल काही होईना, 0-0 वर घड्याळ पळतंय, आणि शेवटच्या काही मिनिटांत योर्गोस मित्सिबोनासनं हेडर मारला. डिफेन्समधला माणूस, गोल करणं त्याचं रोजचं काम नव्हे. बॉल आत गेला, 1-0, आणि लारिसा चॅम्पियन, एईके दुसऱ्या नंबरवर राहिलं. मित्सिबोनास पुढे ऑलिंपियाकोस आणि पाओककडूनही खेळला, आणि 1997ला टेंबीच्या घाटात कार अपघातात गेला, वय फक्त पस्तीसच्या आसपास. टेंबी लारिसापासून जवळच, पिनिओस नदी समुद्राकडे जाताना जी खिंड कापते ती.

चॅम्पियन म्हणून पुढच्या सीझनला युरोपियन कप खेळायला मिळाला. स्वित्झर्लंडच्या नॉयशातेल झामॅक्सशी घरी 2-1 जिंकले, तिकडे 1-2 हरले आणि पेनल्टीवर बाहेर पडले. त्यानंतर उतरण लागली. चांगले खेळाडू मोठ्या क्लबनी नेले, टीमचा लाडका मिडफिल्डर वासिलिस काराप्यालिससुद्धा ऑलिंपियाकोसला गेला, आणि 1996ला क्लब पहिल्या डिव्हिजनमधून पडला. पैशाचे हाल इतके झाले की तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरगुंडी झाली.

2005ला परत वर आले आणि दोनच वर्षांत, 5 मे 2007ला, ग्रीक कप जिंकला. कोच योर्गोस डोनिस, टीममध्ये 2004च्या युरो जिंकणाऱ्या ग्रीक स्क्वाडमधले निकोस दाबिझास आणि स्टेलिओस वेनेतिदिस, आणि फायनलला समोर पॅनाथिनायकोसच, ज्यांच्याकडून दोनदा फायनल हरले होते. या वेळी 2-1. मॅच झाली व्होलोसला, म्हणजे शेजारच्या आणि कायम चढाओढ असलेल्या शहरात. पुढच्या सीझनला युएफा कपमध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला घरच्या मॅचमध्ये 2-0 हरवलं, तिकडे 1-2 हरूनही पुढे गेले. ग्रुपमध्ये मात्र एव्हर्टन, नुरेम्बर्ग, एझेड आणि त्याच वर्षी कप जिंकलेला झेनित, चारही मॅच हरले.

2010ला नवीन स्टेडियम झालं, आएल एफसी अरेना, साधारण 16 हजार सीटचं, आणि तोच सीझन संपताना, 2011ला, टीम पुन्हा पडली. मग खालच्या डिव्हिजन, 2016ला वर, 2021ला खाली, आणि 2025ला दुसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर गटात पहिले येऊन सुपर लीगमध्ये परत. जुन्या फॅन्सचा जीव मात्र अल्काझारमध्येच अडकलाय, नदीजवळचं ते जुनं ग्राउंड, जिथे मित्सिबोनासचा तो हेडर गेला.