बेळगावात घर विकायचंय? संचकार (विसार) घ्यायच्या आधी हे कागद बघून घ्या

अनगोळ, वडगाव, शहापूर, कुठंही घर असूदे, गिऱ्हाईक मिळायला फार वेळ लागत नाही, अडतंय ते कागदावर. आणि आपल्याकडं बहुतेकजण उलटं करतात, आधी संचकार घेतात, ते पैसे दुसऱ्या जागेत घालून मोकळे होतात आणि मग उतारा काढल्यावर कळतंय की घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. मग मुदत संपत येते, गिऱ्हाईक रोज फोन करतंय, आणि बाँड रायटर (दस्त लिहिणारा) म्हणतो आधी वारसा करून आणा.

तर पहिला प्रश्न, विकता कुणाला येतं? घरपट्टी मी भरतोय, लाईट बिल माझ्या नावावर आहे, याला मालकी म्हणत नाहीत. वडील मृत्यूपत्र न करता गेले असतील तर आई, सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी वारस, आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तीसुद्धा. एखादा भाऊ किंवा बहीण आधीच वारली असेल तर त्यांची मुलंबाळं, आणि वारलेल्या भावाची बायकोसुद्धा, धरायची. "बहिणीला लग्नात दिलंय की सगळं" हे घरात बोलायला ठीक आहे, कायद्यात त्याला काही किंमत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीनं दिलाय, आणि त्यासाठी वडील 2005 ला जिवंत असायलाच पाहिजेत असं नाही हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस) वंशावळ काढा, त्यात एकही नाव गाळू नका, आणि मग एकतर सगळ्यांनी खरेदीपत्रावर सह्या करायच्या नाहीतर ज्यांना हिस्सा नको त्यांनी रजिस्टर हक्कसोड पत्र करून द्यायचं. वारस अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर आधी वकिलाला गाठा, कोर्टाची परवानगी लागू शकते.

आता आपली खास अडचण. निम्म्या बहिणी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला दिलेल्या, भाऊ पुण्यात कंपनीत. येणं जमत नाही म्हणून ते तिथल्या नोटरीकडं वटमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून कुरिअरनं पाठवून देतात. दस्त करून तो रजिस्ट्रेशनला हजर करायचा असेल तर नुसतं नोटरीचं चालत नाही, ज्या भागात राहतात तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर ते करून प्रमाणित करून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर त्या एका दिवसासाठी सगळ्यांना बेळगावला बोलवून घेणंच स्वस्त पडतंय, पुढची भांडणंही कमी होतात.

दुसरं म्हणजे एकाच घराचं रेकॉर्ड तीन ठिकाणी असतंय. सिटी सर्व्हेत सीटीएस (सिटी सर्व्हे नंबरचा) उतारा, महापालिकेत खाता (घरपट्टीसाठी मालकाची नोंद), आणि सब-रजिस्ट्रारकडं जुने दस्त. तिन्हीकडं नाव आणि क्षेत्र जुळलं पाहिजे, आणि जुळत नाही हेच तर दुखणं आहे. उतारा कानडीत, आधार इंग्रजीत, जुनं खरेदीपत्र मराठीत. एकीकडं परशराम दुसरीकडं परशुराम, कुठं आडनावच गायब. त्यात ऑक्टोबर 2024 पासून कर्नाटकभर ई-खात्याशिवाय (ऑनलाईन खात्याशिवाय) रजिस्ट्रेशन होत नाही, त्यामुळं पूर्वीसारखं "चालतंय हो, करून घेऊया" म्हणायची सोय राहिली नाही. महापालिका हद्दीत ई-आस्ती पोर्टलमधून ई-खाता काढायचा, त्याला खरेदीपत्र, चालू वर्षाची घरपट्टी पावती, ईसी (बोजाचा दाखला), हेस्कॉमचं लाईट बिल, मालकाचं आधार आणि घराचा फोटो लागतो. खेड्यात, म्हणजे ग्रामपंचायत हद्दीत, ई-स्वत्तु पोर्टलचा फॉर्म 9 आणि 11 लागतो. एनए (बिगरशेती) आणि लेआउट मंजुरी नसलेल्या गुंठ्यातल्या घरांना बी खाता मिळतो, पण त्यावर कर्ज द्यायला बँका का कू करतात, म्हणजे कर्जाशिवाय घेणारंच गिऱ्हाईक शोधा. कॅम्पातल्या घरांचा कारभार कॅन्टोन्मेंटचा, त्याचे नियमच वेगळे.

ईसी म्हणजे जागेवर बोजा आहे का त्याचा दाखला. कावेरी या रजिस्ट्रेशन खात्याच्या पोर्टलवर ऑनलाईन साधारण 2004 पासूनचा निघतो, त्याच्या आधीचा ऑफिसात अर्ज करून काढायचा, आणि गिऱ्हाईकाचा वकील तीस वर्षांचा मागतोच. इथं हमखास एखाद्या सोसायटीचा जुना बोजा वर येतो. कर्ज कधीच फिटलंय, पण बोजा कमी करायला कुणी गेलंच नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन तो आधी उतरवा, आता सोसायटीच बंद पडली असली तर मात्र देवच पाळेल.

एवढं झालं की पुढचं तुलनेनं सरळ आहे. कावेरी 2.0 वर माहिती भरायची, खरेदीपत्राचा मसुदा अपलोड करायचा, सब-रजिस्ट्रारनं तपासून मंजूर केला की ऑनलाईन फी भरून स्लॉट घ्यायचा, मग सगळ्यांनी साक्षीदारांसह जाऊन फोटो आणि अंगठा. स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, वर सेस आणि सरचार्ज, आणि रजिस्ट्रेशन फी 31 ऑगस्ट 2025 पासून 1 ची 2 टक्के झालीय, शहरात सगळं मिळून 7.6 टक्के पडतंय. हे सहसा घेणारा भरतो, पण संचकार पत्रात लिहून घ्या. व्यवहाराची रक्कम सरकारी दरापेक्षा कमी दाखवली तरी ड्युटी सरकारी दरानंच बसते.

पैसे बँकेतूनच घ्या, घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. किंमत 50 लाख किंवा वर असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस कापून भरतो, तो तुमच्या पॅनवर दिसतोय का बघा. घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं असेल तर त्या तारखेची किंमत धरून नफा काढता येतो, त्याला व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून ठेवा.

रजिस्ट्रेशन झालं की मोकळे झालो समजू नका. सिटी सर्व्हेत आणि खात्यात घेणाऱ्याचं नाव चढलं का, हेस्कॉमचं मीटर त्याच्या नावावर गेलं का ते महिन्या-दोन महिन्यांनी बघून या, नाहीतर घरपट्टीची थकबाकी नोटीस तुमच्याच नावानं येत राहील.